थेंबाचा हिशेब : ज्वारीचं पान, गव्हाचं मूळ आणि आपली मालदांडी



भाद्रपद लागला की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकीच बियाण्याची चर्चा होते. दुकानदार एक सांगतो, कृषी सहायक दुसरं सांगतात, सासूबाई तिसरंच सांगतात. प्रत्येकाच्या बोलण्यात एक शब्द हमखास असतो, 'जास्त उत्पन्न'. आम्ही गावोगावच्या गटांत बसतो तेव्हा बाया वेगळं विचारतात. पाऊस दगा देईल त्या वर्षी काय हाती लागेल? भाकरीपुरतं येईल का? आणि दावणीच्या गाईला कडबा पुरेल का? पोतं किती भरेल यापेक्षा पाणी किती लागेल, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

हा प्रश्न जुना आहे आणि तो एकट्या आपल्याच मुलखाचाही नाही. कोरड्या मुलखातल्या माणसांनी आणि शास्त्रज्ञांनी त्यासाठी शंभरावर वर्षं घालवली. आजच्या भागात आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. त्यात अमेरिका येईल, हवाई बेटं येतील, ऑस्ट्रेलिया येईल आणि शेवटी आपलं मोहोळही येईल.

आधी थोडं झाडाच्या घरात डोकावू. पानाला बारीक बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यातून झाड हवेतला कार्बन वायू आत घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं. शाळेत मुलांच्या पुस्तकात त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. आपण सोपं म्हणू, पानाचा स्वयंपाक. पण तोंड उघडलं की वायू आत येतो तसं आतलं पाणी वाफ होऊन बाहेरही जातं. वायूचा एक कण आत यावा तर पाण्याचे शेकडो कण उडून जातात. दार उघडं ठेवलं तर घरातलं पाणी जातं, बंद केलं तर चूल पेटत नाही. सगळी पिकं या पेचातच जगतात. कोणतं पीक हा पेच कसा सोडवतं, त्यावर त्याचा काटकसरीपणा ठरतो.

हा हिशेब मांडायचा प्रयत्न 1699 मध्ये इंग्लंडात जॉन वुडवर्ड नावाच्या माणसाने केला होता. बाटलीतल्या पाण्यात पुदिन्याच्या काड्या लावून त्याने मोजलं, तर झाड जेवढं वाढलं त्याच्या कितीतरी पट पाणी त्याच्यातून निघून गेलं होतं. पण धान्याच्या पिकांचं नीट मोजमाप व्हायला पुढे दोनशे वर्षं गेली. आपल्या देशात बिहारमधल्या पुसा इथं सरकारी कृषी संशोधन संस्था होती. तिथले रसायनशास्त्रज्ञ लेदर यांनी 1910 आणि 1911 मध्ये हिंदुस्थानातल्या पिकांना किती पाणी लागतं यावरची आपली मोजणी छापली.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडो प्रांतात ॲक्रॉन नावाच्या गावाजवळ लायमन ब्रिग्ज आणि होमर शान्ट्झ हे दोघे काम करत होते. तो मुलूख उंचावरचा, वाऱ्याचा आणि पावसाचा भरवसा नसलेला. सरकारने तिथं शेतकऱ्यांना जमिनी दिल्या होत्या, पण त्या कोरड्या मातीत लावायचं काय हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. या दोघांनी पत्र्याचे मोठमोठे डबे घेतले, मातीने भरले आणि तोंडं मेणाने बंद केली, म्हणजे मातीतून वाफ उडायला नको. मेणाला भोक पाडून त्यातून रोपं वर काढली आणि मग डबे वजन करत बसले. पाणी किती घातलं, किती गेलं, शेवटी वाळलेलं पीक किती भरलं. हंगामामागून हंगाम वजनं चालली.

त्यांच्या वहीत उतरलेला हिशेब असा. एक किलो वाळलेलं पीक, म्हणजे ताट, पानं, कणीस सगळं धरून, तयार व्हायला राळ्याला आणि ज्वारीला साधारण 300 ते 325 किलो पाणी लागलं. मक्याला 370 च्या आसपास. गव्हाला 500 च्या वर. आणि जनावरांच्या लसूणघासाला 800 च्याही वर. तिथलं ऊन, तिथला वारा वेगळा, म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू होणार नाहीत. पण पिकांची रांग तीच राहते. ज्वारी, बाजरी, राळा, वरी पुढे आणि गहू मागे. (यातला ब्रिग्ज पुढे फार मोठा माणूस झाला. 1939 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अणुशक्तीवर जी पहिली समिती नेमली, तिचा तो अध्यक्ष होता. आम्हाला मात्र त्याचे पत्र्याचे डबेच जास्त मोलाचे वाटतात.)

म्हणजे ज्वारी गव्हापेक्षा बरीच कमी तहानलेली, हे 1913 च्या सुमारास कागदावर आलं. पण का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांच्या पानात स्वयंपाक एकच होतो असं लोक धरून चालले होते. कॅलिफोर्नियातल्या मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो स्वयंपाक पायरी पायरीने उलगडला. हवेतला कार्बन आत आला की पहिला पदार्थ तयार होतो तो तीन कार्बनचा, हे त्यांनी दाखवलं. त्याबद्दल कॅल्विन यांना 1961 चं नोबेल पारितोषिक मिळालं आणि सगळ्या झाडांची रीत हीच, असं पक्कं ठरल्यासारखं झालं.

या गोष्टीतली आमची आवडती बाई इथं येते. तिचं नाव कॉन्स्टन्स हार्ट. हवाई बेटांवर ऊस बागायतदारांच्या संघाची प्रयोगशाळा होती. तिथं ती 1930 च्या दशकापासून उसाच्या पानांवर काम करत होती. बायकांना शास्त्राच्या मोठ्या खुर्च्या मिळत नसत तो काळ. उसाच्या पानात साखर बनताना चार कार्बनचं एक आम्ल काहीतरी मोठं काम करतं, असं तिला 1940 च्या दशकातच दिसलं होतं. पुढे किरणोत्सारी कार्बन हाती आला. पानाला तो हुंगवायचा आणि काही क्षणांत तो कुठल्या पदार्थात गेला ते बघायचं. ह्यूगो कॉर्चाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांना पुन्हा पुन्हा तेच दिसलं. उसात पहिला पदार्थ तीन कार्बनचा निघत नव्हता, चार कार्बनचा निघत होता. नोबेलवाल्यांच्या मताशी न जुळणारी ही गोष्ट त्यांनी रीतसर छापली ती 1965 मध्ये. ती वाचून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथल्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेतले हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी प्रयोग केले आणि 1966 मध्ये या वेगळ्या स्वयंपाकाची पूर्ण रीत मांडली. आज पुस्तकात नाव हॅच आणि स्लॅक यांचं मोठं आहे. हार्टबाईंचं फार थोड्या ठिकाणी सापडतं.

ही रीत आपल्या भाषेत सांगतो. गहू-भाताच्या पानात वायू आत येतो आणि थेट चुलीपाशी जातो. तिथं वायू उचलणारा एक कामगार आहे, रुबिस्को नावाचा. तो कामाला चिवट, पण थोडा गोंधळलेला. कार्बन वायू उचलायचा सोडून तो मध्येच प्राणवायू उचलतो. मग तो चुकीचा माल निस्तरण्यात शक्ती जाते. ऊन तापलं की त्याचा गोंधळ वाढतो. आता अशा चुलीला वायू भरपूर मिळावा म्हणून पानाला तोंडं जास्त उघडी ठेवावी लागतात आणि पाणी जातं.

ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, ऊस यांच्या पानात मात्र ओटी वेगळी आणि माजघर वेगळं. वायू आधी ओटीवर येतो. तिथं दुसराच कामगार त्याला पकडून चार कार्बनच्या गाठोड्यात बांधतो आणि हा कामगार गोंधळत नाही. गाठोडं आत माजघरात जातं, तिथं उघडतं. माजघरात वायूची दाटी झाली की रुबिस्कोला प्राणवायू उचलायला वावच राहत नाही. त्यामुळे तोंडं थोडी मिटलेली असली तरी चूल पेटती राहते. पत्र्याच्या डब्यांतला फरक इथून आला होता. निसर्गाने हे ओटी-माजघराचं घर एकदाच बांधलं असंही नाही. वेगवेगळ्या वनस्पतिकुळांत ते साठहून जास्त वेळा स्वतंत्रपणे तयार झालं, असं आज शास्त्रज्ञ सांगतात.

इथं कोणीतरी नक्की विचारेल, आणि एका गटात विचारलंच होतं. ऊस जर ज्वारीच्याच जातीचा काटकसरी, तर आपल्या विहिरी का आटतात? कारण हिशेब किलोमागचा आहे. ऊस किलोमागे पाणी कमी घेतो, पण शेतात उभा राहतो बारा ते अठरा महिने, सगळा उन्हाळा धरून, आणि ढीगभर वाढतो. रब्बी ज्वारी चार महिन्यांत घरी येते. रोजचा खर्च आटोपशीर असलेला पाहुणा दीड वर्ष राहिला तर कोठार रिकामं होणारच. 'कमी पाण्याचं पीक' असं कोणी सांगितलं की किलोमागे कमी की एकरामागे कमी, एवढं आधी विचारावं.

मग प्रश्न आला तो गव्हाचा. गव्हाचं घर तीन कार्बनचं. ते बदलता येत नसेल, तर त्यातल्या त्यात काटकसरी गहू निवडता येईल का? हरितक्रांतीने हे काम केलं नव्हतं, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. जपानमध्ये गोंजिरो इनाझुका यांनी नोरिन 10 नावाचा बुटका गहू तयार केला, तो 1935 मध्ये बाहेर आला. त्याचं रक्त मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या गव्हात उतरलं आणि 1966 मध्ये आपल्या सरकारने तिकडून 18,000 टन बियाणं बोटींनी आणलं. त्या गव्हाने देशाचं पोट भरलं हे खरंच. पण त्याचं पान काही जास्त स्वयंपाक करत नव्हतं. तेवढ्याच स्वयंपाकातला ताटाचा वाटा कमी करून दाण्याचा वाटा वाढवला होता. आणि तो गहू खत मागत होता, पाणी मागत होता. ज्यांच्याकडे कालवा, त्यांची क्रांती. कोरडवाहूवाल्यांच्या घरी ती रेशनच्या पिशवीतून आली.

गव्हाच्या काटकसरीचं काम झालं ऑस्ट्रेलियात. कॅनबेरा इथं ग्रॅहम फारकर आणि रिचर्ड रिचर्ड्स यांनी 1984 मध्ये एक युक्ती पुढे आणली. हजारो रोपांचे डबे हंगामभर कोण वजन करणार? त्यांनी वजनकाट्याऐवजी दाण्यातला कार्बनच साक्षीला बोलावला. हवेत कार्बन दोन तऱ्हेचा असतो. बहुतेक सगळा हलका आणि शंभरात साधारण एक जड. पानाला हलका आवडतो. आता बाजारात बघा. भाजीच्या ढिगाऱ्यापुढे उभी असलेली बाई निवडून निवडून घेते. गाडीवर चारच जुड्या उरल्या असतील तर आहे ते पिशवीत टाकते. पानाची तोंडं सताड उघडी असली की आत वायू भरपूर, मग ते हलका कार्बन निवडून घेतं. तोंडं आखडती असली की जडही घ्यावा लागतो. म्हणून ज्या गव्हाच्या पानात किंवा दाण्यात जड कार्बन थोडा जास्त, तो गहू पाण्याला जपून वागला. एक चिमूट वाळलेलं पान यंत्रात घातलं की झाडाच्या सवयीची साक्ष मिळते.

या साक्षीवर निवड करत करत त्यांच्या मंडळींनी 2002 मध्ये ड्रायस्डेल आणि 2003 मध्ये रीस हे गहू शेतकऱ्यांना दिले. पाण्याच्या काटकसरीसाठी अशी मोजून निवड केलेले जगातले पहिले गहू असं त्यांच्याबद्दल म्हणतात. ड्रायस्डेलच्या मागे ज्या चाचण्या झाल्या त्यात चांगल्या पावसाच्या ठिकाणी फायदा होता जेमतेम 2 टक्के. जिथं पीकच मुळात कमी येतं अशा कोरड्या ठिकाणी तो 15 टक्क्यांपर्यंत गेला. जादू म्हणावी असा आकडा हा नाही. पण आपल्यापैकी जिने सहा पोत्यांचं वर्ष आणि सात पोत्यांचं वर्ष दोन्ही काढलंय, तिला त्या एका पोत्याची किंमत माहीत आहे.

आणि या गव्हाला एक अट होती. तोंड आखडतं घेणारं झाड सुरुवातीला सावकाश वाढतं. जिथं पीक उभं असताना पाऊस पडत राहतो तिथं सावकाश वाढून तोटाच, कारण उघड्या मातीतून पाणी नुसतंच उडून जातं. तिथं उलट भरभर पानं पसरून माती झाकणारा गहू बरा. रिचर्ड्स यांनी तसाही गहू शोधायला घेतला. म्हणजे एकाच शास्त्रज्ञाच्या एका हातात सावकाश गहू आणि दुसऱ्या हातात भरभरा गहू. पाऊस कधी पडतो आणि माती किती धरून ठेवते, त्यावर शहाणपण बदलतं.

याच कॅनबेराचे जॉन पॅसिउरा यांचा एक प्रयोग आम्हाला फार आवडतो. 1972 मध्ये छापलेला. नंतर पाणीच मिळणार नाही, मातीत साठलेल्या ओलीवरच गहू काढायचा, अशी परिस्थिती त्यांनी घेतली. आणि काही रोपांची सुरुवातीची मुळं खुडून एकच ठेवलं. आपल्याला वाटेल, मुळं तोडली, झाड मेलं. तर तसं झालं नाही. एकाच मुळातून पाणी हळूहळू वर येत होतं, म्हणून झाडाने पहिल्या दोन महिन्यांत ओल उधळली नाही आणि दाणा भरायच्या वेळी मातीत पाणी शिल्लक राहिलं. सगळी मुळं असलेल्या गव्हापेक्षा या एकमुळी गव्हाला जास्त दाणा आला. मग रिचर्ड्स आणि त्यांनी मिळून मुळातली पाणी वाहणारी नळीच अरुंद असलेला गहू जुन्या वाणांतून शोधून काढला.

मातीत साठलेल्या ओलीवर पीक काढणं, हे ऐकून तुम्हाला काय आठवलं? आपली रब्बी ज्वारीच की! उत्तरा-हस्ताचा पाऊस काळ्या रानात मुरवायचा, वापसा आला की पाभर धरायची आणि मग संक्रांत ओलांडून जाईपर्यंत ती ओल पुरवायची. पॅसिउरांनी जे डब्यात केलं ते सोलापूर, बीड, नगरच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

आपल्याकडे या ओलीचा शास्त्रीय अभ्यास 1933 पासून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात झाला. ना. वि. कानिटकर हे त्यातलं मोठं नाव. बांधबंदिस्ती करा, नांगरट दरवर्षी नको, बी विरळ पेरा, ओळीत अंतर जास्त ठेवा, कोळपण्या वेळेवर करा, म्हणजे भेगा बुजतात, असा त्यांचा सांगावा. एकरी रोपं कमी ठेवायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर जास्त. बियाण्याच्या आत न जाता बाहेरून केलेली ही काटकसर होती.

आणि त्याच दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ इथं गावरान मालदांडीतून निवड करून एक वाण काढला गेला, मालदांडी 35-1. यंत्र नव्हतं, जड कार्बन-हलका कार्बन कोणाला माहीत नव्हता. संशोधकांच्या हाती जे आलं ते शेतकरी घरांनी कणसं बघून, पारखून, पुढच्या वर्षासाठी बाजूला काढलेलं बी होतं. त्यातून त्यांनी एक सरळ वाण धरला. मोत्यासारखा टपोरा पांढरा दाणा, गोड भाकरी, उंच ताट आणि जनावरं आवडीने खातात असा कडबा. नव्वद वर्षांच्या आसपास होत आली, किती वाण आले नि गेले, पण रब्बीत मालदांडीची मागणी अजून सरलेली नाही. आमच्या मते महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात या एका वाणाइतका मोठा मान फार थोड्या गोष्टींना द्यावा लागेल.

खरिपाची गोष्ट वेगळी झाली. 1954 मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांना मिलो आणि काफिर या दोन आफ्रिकी ज्वारींच्या संकरातून नर वांझ रोपं मिळाली, आणि त्यावरून संकरित ज्वारीचं बी ढिगाने बनवता येऊ लागलं. तोच धागा धरून 1964 मध्ये भारतात पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच 1. आज साठीच्या पुढच्या बायांना 'हायब्रीड' शब्द ऐकला की तीच आठवते. दाणा भरपूर आला, पण ताट बुटकं. लवकर पिकायची आणि वर पाऊस पडला की कणसं काळी पडायची. कडबा कमी, भाकरीला चव नाही, अशी कुरकुर घराघरांत होती. ती कुरकुर म्हणजे बायकांचा अडाणीपणा असं त्या वेळी समजलं गेलं. आम्हाला तसं वाटत नाही. पोत्याचा हिशेब एकीकडे आणि चूल-गोठ्याचा हिशेब दुसरीकडे होता. हिशेब ठेवणारी माणसं वेगळी होती, एवढंच. मिलो हे नावही आपल्या मुलखाला ओळखीचं झालं. 1972 च्या दुष्काळात रेशनवर जी परदेशी लाल ज्वारी आली, ती खाऊन खडी फोडायला गेलेल्या आज्या आपल्या गटांत अजून आहेत.

आता अलीकडचं. इथिओपिया हे ज्वारीच्या माहेरघरांपैकी एक. तिथल्या गावरान ज्वारीत एक गुण सापडला. पाणी संपत आलं तरी दाणा भरेपर्यंत ताट आणि पानं हिरवी राहतात. आपल्याकडची ज्वारी अशा वेळी खालून वाळत जाते, ताट पोकळ होतं, खडखड्या लागतो आणि वाऱ्याने पीक लोळतं. हिरवी राहणारी ज्वारी उभी राहते. टेक्सासमध्ये डॅरेल रोझेनो यांनी त्या इथिओपियी ज्वारीच्या वंशातून बी 35 नावाचा वाण पुढे आणला आणि तो जगभर संकरासाठी वापरला गेला. ती हिरवी का राहते, याचा उलगडा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये अँड्र्यू बॉरेल आणि सोबत्यांनी केला. फुलोऱ्याच्या आधी ती ज्वारी पानांचा पसारा कमी ठेवते, फुटवे कमी काढते. पानं थोडी, म्हणून सुरुवातीला पाणी कमी जातं आणि शेवटच्या महिन्यासाठी ओल उरते. पॅसिउरांच्या एकमुळी गव्हाचीच ही दुसरी तऱ्हा.

हा गुण आपल्या भागातल्या ज्वारीत आणायचं काम हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत झालं. तिथं व्हिन्सेंट वादेज यांच्या गटाने उंच नळकांडी मातीने भरून त्यात ज्वारी वाढवली आणि वजनकाट्यावर टांगून पाण्याचा हिशेब ठेवला. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा ब्रिग्ज आणि शान्ट्झ यांचे डबेच. 2011 मध्ये त्यांनी छापलं की हिरवं राहण्याचा गुण सगळ्या ज्वारींत सारखा वागत नाही. एका वाणात घातला तर तो मातीतून जास्त पाणी ओढून घ्यायला मदत करतो, दुसऱ्यात घातला तर असलेल्या पाण्याचं चीज करायला. ज्या घरात सून जाते त्या घराप्रमाणे तिचे गुण दिसतात, असं आपण म्हणतो ना, तसंच.

गहू-भाताच्या पानात ज्वारीचं माजघर बांधायचा प्रयत्नही चालू आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जॉन शीही यांनी त्याची कल्पना लावून धरली, 2008 च्या सुमारास जगभरातल्या प्रयोगशाळा एकत्र आल्या, आणि पुढे ऑक्सफर्डच्या जेन लँगडेल या बाईंनी त्याचं नेतृत्व केलं. पानाची रचनाच बदलायची म्हणजे राहत्या घराच्या भिंती हलवण्यासारखं. अजून शेतकऱ्याच्या हातात असा भात आलेला नाही.

आपल्या हातात आज जे आहे ते एवढं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळे केले. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. हे सरळ वाण आहेत. ज्वारीचं परागीकरण बहुतेक स्वतःच्याच कणसात होतं, म्हणून सरळ वाणाचं बी घरी धरता येतं. संकरित वाणाचं धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी सगळी सरमिसळ उगवते.

बी धरणाऱ्या गटांसाठी एक काम सांगतो. यंदा दाणा चिकात असताना रानात एक फेरी मारा. ज्या ताटाची खालची पानं अजून हिरवी आहेत, कणीस भरलेलं आहे, त्याला रंगीत दोरा बांधा. बांधाकडेचं ताट घेऊ नका, शेजारच्याच्या रानातला पराग तिथं आलेला असतो. आणि आजूबाजूला रोपं विरळ असतील किंवा तिथं पाणी साचून ओल जास्त राहिली असेल, तर तेही सोडा. तिथं ताट स्वतःच्या गुणाने हिरवं नाही, जागेच्या नशिबाने आहे. दाट ओळीत, सगळ्यांसारखीच माती असताना जे हिरवं राहिलं, तेच धरायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा, दोरा बांधलेल्यांतली किती उभी आहेत, किती लोळली. लोळलेल्यांचा दोरा सोडा. उरलेली कणसं काढणीच्या वेळी वेगळी खुडा, वेगळी वाळवा, काठीने वेगळी बडवा आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवा. मडक्यावर रानाचं नाव आणि साल लिहायला विसरू नका.